गरम गल्लीतले डबे

१

दोन हजार चोवीस सालची ही गोष्ट. यंत्राला प्रश्न विचारायची सवय तोवर लोकांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की पूर्वी आपण हे सगळं कुणाला विचारायचो ते आठवेनासं झालं होतं. औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर, मुलाच्या प्रवेशाला कुठला दाखला लागतो, भिंतीची ओल कशाने जाते, काहीही असो. फोन लावायचा, विचारायचं, पलीकडून शांत आवाजात उत्तर यायचं. लोकांना वाटे, उत्तर हवेतून येतं.

ते येत होतं शहराच्या कडेला असलेल्या एका तीन मजली इमारतीतून. तिला सगळे प्रश्नघर म्हणत. तळमजल्यावर एक लांबलचक हॉल होता आणि त्यात लोखंडी कपाटांच्या रांगा. कपाटात पेट्या, आणि प्रत्येक पेटीत पाटीएवढी जाडजूड कार्डं. प्रश्न आला की कार्डं आकडेमोड करत आणि तापत. खरं तर उत्तर म्हणजे दुसरं काही नव्हतंच. वीज आत जायची, आकडेमोड व्हायची, उत्तर फोनवर जायचं आणि ताप मागच्या बाजूने बाहेर पडायचा. म्हणून कपाटांच्या पुढच्या बाजूला थंड गल्ली आणि मागच्या बाजूला गरम गल्ली अशी तिथली बोली होती.

हॉल थंड ठेवणारा मेकॅनिक सावकाश चालायचा, सावकाश बोलायचा. त्याला सगळे थंडोबा म्हणत आणि तोही ओ देत असे. थंडीचे दिवस होते. एका सकाळी धूळ झाडायला म्हणून त्याने एक पेटी उघडली. पंखे फिरत होते, समोरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. आत कार्ड एकही नव्हतं.

थंडोबाने पेटी बंद केली, पुन्हा उघडली. मग शेजारची उघडली. ती भरलेली होती. दुपारपर्यंत हॉलमधली प्रत्येक पेटी उघडून झाली, तेव्हा पाच पेट्या पोकळ निघाल्या. एक या टोकाला, दोन मधल्या रांगेत, एक खांबाजवळ, एक पार कोपऱ्यात.

आणि सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर कार्डांची बेरीज पूर्ण होती. पडद्याच्या हिशेबाने एकही कार्ड कुठे गेलेलं नव्हतं.

२

मावशीला ही बातमी कळली ती भाचीच्या रडण्यातून. भाची रडणाऱ्यातली नव्हती. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला तेव्हासुद्धा तिने आधी आंबट चेहरा करून हाताकडे पाहिलं होतं आणि मग घरी चालत आली होती. त्यामुळे ती दारात उभी राहून रडायला लागली, तेव्हा मावशीने हातातलं विणकाम बाजूला ठेवलं.

मावशी एका विमा कंपनीच्या गणकयंत्र विभागाची प्रमुख म्हणून निवृत्त झाली होती. तिच्या काळी एकच यंत्र खोलीभर पसरायचं, त्याला भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्या भरवाव्या लागायच्या, आणि यंत्राचा वेळ मिळावा म्हणून मोठमोठे अधिकारी तिच्या टेबलाशी गोड बोलायला यायचे. पोरगी तिच्याच वळणावर गेली म्हणून घरात सगळे मावशीला दोष देत आणि मावशी तो आनंदाने घेत असे.

भाची प्रश्नघरात वरच्या मजल्यावर काम करायची. कुठला प्रश्न कुठल्या कार्डाकडे पाठवायचा, हे ठरवणारी आज्ञावली तिच्या हाताखाली होती. पाण्याचा ग्लास संपल्यावर तिने सांगितलं ते असं. एक कार्ड दोन अर्ध्यांत वाटायची सोय तिनेच लिहिली होती. प्रश्न किरकोळ असला तर अख्खं कार्ड अडकायला नको, म्हणून. सोय चालू केली की एकच कार्ड पडद्यावर दोन म्हणून मोजलं जायचं. पाच पेट्यांतली कार्डं काढून कुणीतरी उरलेल्यांतली तेवढीच कार्डं अर्धी करून ठेवली होती. बेरीज तीच राहिली. फक्त दुपारच्या गर्दीत उत्तरं रेंगाळायला लागली होती, आणि त्याचा दोष सगळे गर्दीला देत होते.

"आणि सोय चालू केल्याची नोंद कुणाच्या नावावर आहे?" मावशीने विचारलं.

"माझ्या."

"तू केलीस?"

"नाही गं. हॉलमधल्या पडद्यावरून कुणालाही करता येते. पण घाईत लिहिताना मी नाव विचारायची पायरीच घातली नाही. ज्याने सोय लिहिली त्याचंच नाव आपोआप पडतं."

असली घाई मावशीने आयुष्यभर पाहिली होती. आपल्याच लोकांत काम करायचं, तर नाव कशाला विचारायचं, असं प्रत्येकाला वाटतं.

साहेबांनी भाचीचा पास काढून घेतला होता. सोमवारी संचालकांची बैठक होती. तोवर कार्डं सापडली नाहीत, तर तिला नोकरीवरून काढून प्रकरण पोलिसांकडे जाणार होतं. शुक्रवार उजाडला होता.

"एकदा चोर म्हणून नाव लागलं, की दुसरीकडे कोण उभं करील मला?" भाची म्हणाली.

मावशीने चप्पल पायात सरकवली. "तुझे साहेब म्हणजे तोच ना, ज्याला मी पट्ट्या उलट्या भरवताना पकडलं होतं?"

३

साहेब मावशीला पाहून खुर्चीतून अर्धे उठले. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी ते तिच्या विभागात उमेदवारी करत होते आणि अजूनही तिच्यासमोर त्यांचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या गुंडीकडे जायचा.

"मॅडम, तुम्ही आलात याचा आनंद आहे, पण प्रकरण माझ्या हातात राहिलेलं नाही."

"ते मला दिसतंय. मी फक्त हॉल बघते आणि चार माणसांशी बोलते. तुला, म्हणजे तुम्हाला, चालेल ना?"

साहेबांना नाही म्हणायची सवय होती, पण तिला नाही म्हणायची नव्हती. त्यांचं मत ठरलेलं होतं. भाचीने पडद्यावर झाकपाक केली आणि कार्डं बाहेर काढली ती कार्डं पुरवणाऱ्या माणसाने. तो आठवड्यातून दोनदा खोकी घेऊन ये-जा करायचा. दोघांचं संगनमत. पाच पेट्यांच्या जागा त्यांनी कागदावर खुणा करून ठेवल्या होत्या. मावशीने तो कागद मागून घेतला आणि बराच वेळ उलटसुलट धरून पाहिला.

"शेजारशेजारच्या पाच उपसायच्या सोडून हा चोर अशा उड्या का मारत गेला?" तिने विचारलं.

"लक्षात येऊ नये म्हणून," साहेब म्हणाले.

मावशीला ते पटलं नाही. पोकळ पेटी बाहेरून भरलेलीच दिसत होती. मग ती शेजारी असली काय आणि लांब असली काय.

हॉल दाखवायला भाऊ आले. भाऊ हॉलचे प्रमुख. इमारतीची पहिली तार ओढली तेव्हापासून ते तिथे होते. अंगाने बारीक, केस पूर्ण पांढरे, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण त्यांच्या घरी पाहुणे आलोत असं वाटावं. हॉलच्या दारातल्या टेबलावर चहा आला. भाऊंनी कपाला बोट लावलं आणि चहा परत पाठवला. कोमट चहा म्हणजे अपमान, असं ते हसत म्हणाले. दुसरा आला, तोही परत गेला. तिसरा घशाला चटका देणारा होता, तो त्यांनी समाधानाने घेतला. फाटकावरची पहारेकरीण बरोबर आली होती, ती म्हणाली, हे रोजचंच आहे, भाऊंच्या जिभेला चटकाच कळत नाही.

भाऊंनी भाचीबद्दल एक वाईट शब्द काढला नाही. उलट, पोरगी गुणी आहे, साहेबांनी घाई केली, असं दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांनी मावशीकडे पाहिलं नाही.

४

कार्डं पुरवणारा माणूस गोरामोरा झाला होता. गळ्यातला टाय सैल, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी 'ताई, मी काय म्हणतो'. त्याचं म्हणणं मात्र सरळ होतं. फाटकावर काटा आहे. आत येणारं खोकं तोललं जातं, बाहेर जाणारंही तोललं जातं, आणि दोन्ही वजनं पहारेकरीण मोठ्याने वाचून दाखवते. त्यावर हसायची तिला बंदी आहे. एवढी कार्डं न्यायची म्हणजे माणसाएवढं वजन न्यायचं. "ताई, मी काय म्हणतो, मी माझा जेवणाचा डबासुद्धा तोलून आत नेलाय. पहिल्या दिवसानंतर मी डबा आणणंच सोडलं. सकाळी येतो, सही घेतो, निघतो. जेवायला थांबत नाही."

पहारेकरणीने ते खरं असल्याचं सांगितलं. तिच्या काट्यावरून गेल्या कित्येक महिन्यांत मोडकी कार्डं बदलून जाण्यापलीकडे काही गेलेलं नव्हतं. खिडक्यांना गज होते.

मग मावशी थंडोबाकडे गेली. तो गच्चीवर शीतयंत्राजवळ उकिडवा बसून पाना फिरवत होता. त्याच्याशी बोलताना घाई करून उपयोग नव्हता, म्हणून मावशीही पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली आणि आधी उन्हाची चौकशी केली.

थंडोबाने सांगितलं ते दोन हप्त्यांत. पहिला हप्ता असा, की थंडी सुरू झाली त्या सुमाराला हॉल अचानक कमी तापायला लागला. त्याला शीतयंत्राचा काटा खाली करावा लागला. तेव्हा त्याला वाटलं, हवा गार झाली म्हणून असेल. मध्ये पाना निसटला, तो शोधण्यात थोडा वेळ गेला. मग दुसरा हप्ता. "पण मावशी, एक गंमत सांगू? शीतयंत्र कमी चालतंय, कार्डंही गेली म्हणतात, म्हणजे विजेचा आकडा खाली यायला पाहिजे ना? मी मीटर बघतो. तो तसूभर हलला नाही."

"साहेबांना सांगितलंस?"

"मीटर माझ्या खात्यात येत नाही."

मावशीने डोळे मिटले. तिच्या काळीही हेच व्हायचं. प्रत्येकाला एकेक तुकडा ठाऊक असायचा आणि प्रत्येकजण तो आपल्या खात्याच्या कुंपणाआड जपून ठेवायचा.

कार्डं बाहेर गेली नव्हती. ती याच इमारतीत होती, आणि चालू होती. पण ती कोण चालवत होतं, आणि कुणाच्या प्रश्नांसाठी?

५

दुपारी हॉलच्या माणसांनी मावशीला जेवायला गरम गल्लीत नेलं. ही तिथली जुनी रीत होती आणि साहेबांना तिचा पत्ता नव्हता, कारण वरच्या मजल्यावरचे लोक वरच जेवायचे. कपाटांच्या मागे, वायरी धरून ठेवायला, प्रत्येक पेटीसाठी जाळीची फळी होती. हॉलची माणसं सकाळी आली की तिच्यावर आपला डबा ठेवत. कार्डांचा ताप थेट डब्याखाली. दुपारपर्यंत डबा असा तापायचा की फडक्याने धरावा लागे. प्रत्येकाची जागा वर्षानुवर्षं ठरलेली. थंडोबाची खांबाच्या अलीकडे, पहारेकरणीची दाराजवळ, तपासनीस बाईंची मधल्या रांगेत, भाऊंची कोपऱ्यात.

मावशीला हसू आलं. विमा कंपनीच्या यंत्राच्या पाठीमागे तिने आणि तिच्या मैत्रिणींनी ओल्या शाली वाळवल्या होत्या, आणि एका मैत्रिणीने तर नवऱ्याचे मोजे. तो वास तिला अजून आठवत होता. तिथले अधिकारी तपासणीला येत तेव्हा सगळ्याजणी पाठ लावून यंत्रासमोर उभ्या राहायच्या.

बहिणीने, म्हणजे भाचीच्या आईने, वाटेत बांधून दिलेला डबा तिने सकाळी हॉल बघतानाच भाऊंच्या डब्याशेजारी, त्याच फळीवर ठेवून दिला होता. तिथे जागा दिसली म्हणून. आता सगळे गल्लीच्या टोकाला गोल करून बसले. झाकणं निघाली. मावशीच्या डब्यातलं अन्न गार होतं. तिने ते निमूट खाल्लं. जेवताना ती समोरच्यांचे हात आणि चेहरे पाहत राहिली.

बोलत होत्या तपासनीस बाई. लोकांचे प्रश्न आणि यंत्राची उत्तरं यांतले नमुने वाचून चुका टिपायचं काम त्या करायच्या. नव्या यंत्रावर त्यांचा राग होता. गेल्या उन्हाळ्यात जुनी प्रणाली काढून साहेबांनी नवी, काटकसरी प्रणाली बसवली. तोच माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारायला लागला, की ती म्हणायची, 'याचं उत्तर तुम्हाला पूर्वी दिलेलं आहे,' आणि फोन ठेवायची. कार्डांचा वेळ वाचायचा.

"म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं हो?" बाई म्हणाल्या. "माझ्याकडे तक्रारींचा ढीग यायचा. मग थंडी लागली आणि तक्रारी बंद झाल्या. कंटाळली असतील बिचारी."

"किंवा त्यांना उत्तर मिळायला लागलं असेल," मावशी म्हणाली.

बाईंना ते ऐकू गेलं नसावं. त्या आपल्या गुडघ्यांकडे वळल्या होत्या. गुडघे धरतात, पण यंदा एक बरं झालंय, तळघरातल्या बायकांच्या मोरीची भिंत कोमट असते. हात धुतल्यावर पाठ टेकून उभं राहिलं की काय बरं वाटतं. पूर्वी तिथे दात वाजायचे.

थंडोबाने मान वर केली. "तळघरात? तिथे तर एकही यंत्र नाही."

भाऊ उठले आणि आपला डबा विसळायला निघून गेले.

६

मावशी साहेबांच्या खोलीत परत गेली आणि तिने दार लावून घेतलं. तिने पेट्यांच्या खुणांचा कागद टेबलावर पसरला आणि साहेबांच्या पेल्यातली पेन्सिल घेऊन चार फुल्या मारल्या.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"डबे."

मग तिला गरम गल्लीची सगळी रीत साहेबांना समजावून सांगावी लागली. साहेबांचा चेहरा आधी रागावला, मग ओशाळला. आपल्याला कुणी कधी बोलावलं नाही, हे बहुधा त्यांना जास्त लागलं असावं.

मावशीचं म्हणणं असं होतं. पेटी रिकामी केली की तिच्या मागे ताप येत नाही. तिथे डबा असला तर तो गार राहतो, आणि माणूस पहिल्याच दिवशी ओरडतो. म्हणून चोराने उड्या मारल्या. डबेवाल्या पेट्या त्याने टाळल्या. खांबाच्या अलीकडची थंडोबाची घेतली नाही, पलीकडची घेतली. तपासनीस बाईंची मधली सोडून दोन्ही बाजूंच्या घेतल्या. म्हणजे कुणाचा डबा कुठे असतो हे चोराला पाठ होतं. वरच्या मजल्यावरची भाची गरम गल्लीत कधी जेवली नाही. पुरवणारा माणूस जेवायला थांबत नाही. ते दोघे सुटले.

"राहिले चारजण," साहेब म्हणाले.

"एकच राहिला. पाच पोकळ पेट्यांपैकी चार कुणाच्याच डब्याखाली नाहीत. पाचवी आहे." तिने कोपऱ्यातल्या फुलीवर पेन्सिल टेकवली. "आज माझा डबा इथे होता. गार निघाला. त्याला लागून ज्यांचा डबा होता, तेही गारच जेवले. महिनाभर किंवा जास्त, रोज गार जेवताहेत आणि अवाक्षर काढत नाहीत. चहा कोमट आला तर दोनदा परत पाठवणारा माणूस."

साहेब खिडकीकडे पाहत राहिले. "भाऊ? अहो, भाऊंनी मला सुरुवातीला... भाऊ कशाला नेतील?"

"दुसऱ्यांचा डबा गार होऊ नये म्हणून ज्याने स्वतःच्या डब्याखालची पेटी उपसली, असा माणूस इथे दुसरा कोण आहे? डबा हलवला असता तर बाकीच्यांनी विचारलं असतं, म्हणून तोही हलवला नाही."

"आणि कार्डं?"

"ताप लपवता येत नाही. बायकांच्या मोरीच्या भिंतीपलीकडे काय आहे?"

साहेबांना आठवायला थोडा वेळ लागला. तिथे जुन्या बॅटऱ्यांची खोली होती. बॅटऱ्या बाहेरच्या शेडमध्ये हलवल्यापासून बंद. किल्ली एकच होती, आणि ती ज्याच्याकडे असते त्याचं नाव घ्यायची गरज दोघांनाही वाटली नाही.

मावशीने साहेबांना तिथेच बसायला सांगितलं. अर्ध्या तासाने या, ती म्हणाली. ती एकटीच तळघराचा जिना उतरली.

बॅटऱ्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं.

७

भाऊ आत स्टुलावर बसले होते. तिची वाट पाहत असल्यासारखे.

खोली उबदार होती, थंडीत आईच्या स्वयंपाकघरात असते तशी. भिंतीला लागून उघड्या पेट्या एकावर एक रचलेल्या, वायरी नीट बांधलेल्या, धुळीचा कण नाही. चोरीचा माल असा कुणी ठेवत नाही, असं मावशीच्या मनात आलं. एका लहानशा पडद्यावर प्रश्न आणि उत्तरं सरकत होती.

भाऊंनी काही लपवलं नाही. काढून टाकलेली जुनी प्रणाली त्यांनी इथे पुन्हा उभी केली होती. ती थोराड होती, तिला भरपूर आणि जुन्या घडणीची कार्डं लागत; दुसऱ्यांच्या डब्यांखालच्या सोडल्या तर तशा पाचच पेट्या उरत होत्या, त्यांतली एक त्यांच्याच डब्याखालची. नवं यंत्र ज्याचा फोन ठेवायला जायचं, तो फोन तुटण्याआधीच इकडे वळायचा. तेच ते विचारणारे, विसरणारे, एकटे. जुनी प्रणाली दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर द्यायची.

मावशी पडद्यावर वाचत राहिली. कुणीतरी आज वार कोणता ते विचारत होतं. कुणीतरी गोळीचा रंग विचारत होतं. मग एक ओळ आली, आणि थोड्या वेळाने तीच पुन्हा आली, आणि पुन्हा.

*ते जेवले का?*

*हो, जेवले. डबा गरम होता.*

"ही आमची," भाऊ म्हणाले. "दोन वर्षं झाली. बाकी सगळं गेलं, एवढं राहिलंय. दुपारी तिची बहीण असते जवळ, पण ती तरी किती वेळा सांगणार? नव्या यंत्राने पहिल्या दिवशी तिला सांगितलं, याचं उत्तर पूर्वी दिलेलं आहे. घरी गेलो तेव्हा फोन मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, मी काहीतरी चुकीचं विचारलं वाटतं."

पंख्यांचा आवाज येत होता.

"आणि माझी भाची?" मावशीने विचारलं.

"तिच्या नावावर पडेल हे मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ. ते मागाहून कळलं."

"कळल्यावर?"

"सांगणार होतो."

"कधी?"

"रोज सकाळी ठरवून निघायचो." त्यांनी हातातली किल्ली उलटी केली. "सांगितलं की हे बंद होणार. मग वाटायचं, आजचा एक दिवस जाऊ दे."

मावशीला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला, पण हवा तेवढा आला नाही, आणि त्याचा तिला जास्त राग आला.

"मावशी, सोमवारपर्यंत थांबा," भाऊ म्हणाले. "दुसरी काही व्यवस्था बघतो. सोमवारी बैठकीत मी स्वतः उभा राहतो."

"नाही, भाऊ. पोरगी घरात खिडकी लावून बसलीय. तुमच्या बायकोला उत्तर बहीण देईल, मी देईन, कुणीही देईल. भाचीच्या बाबतीत उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल, आणि आत्ता."

जिन्यावर साहेबांची पावलं वाजली. अर्धा तास झालेला नव्हता. साहेब उमेदवारीच्या दिवसांपासूनच उतावळे. भाऊ उठले, शर्ट नीट केला आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "पोरीचा पास परत द्या. कार्डं मी घेतली."

८

पोलीस आले नाहीत. सोमवारच्या बैठकीत कार्डं जागेवर आल्याचं सांगण्यात आलं आणि भाऊंना निवृत्तीआधीच निवृत्त करण्यात आलं. निरोप समारंभ झाला नाही.

साहेब पुढे मोठ्या पदावर दुसरीकडे गेले. जाण्याआधी त्यांनी फोन ठेवायचा नियम सैल केला. दुपारची गर्दी सोडून इतर वेळी लोकांनी तेच ते विचारलं तरी चालेल, असं ठरलं. आपण हे का केलं ते त्यांनी कुठे बोलून दाखवलं नाही. एकदा ते गरम गल्लीत जेवायला गेले होते म्हणतात, पण डबा कुठे ठेवावा ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

पुरवणाऱ्या माणसाने प्रश्नघराचं काम सोडलं आणि शाळांना संगणक पुरवायला लागला. तिथे काटा नव्हता. पहारेकरणीला बढती मिळाली. ती आता वजन मनातल्या मनात वाचते. तपासनीस बाईंची मोरीची भिंत पुन्हा गार पडली आणि पुढच्या थंडीआधी त्यांनी राजीनामा दिला. थंडोबा आहे तिथेच आहे. मीटर त्याच्या खात्यात घालण्यात आलं, याचा त्याला मनस्ताप झाला.

भाचीला पास परत मिळाला. तिने पहिल्या दिवशी नाव विचारायची पायरी घातली. भाऊंची माफीची चिठ्ठी तिने घेतली, पण त्यांच्याशी ती पुन्हा बोलली नाही. एवढे दिवस त्यांना रोज हॉलच्या दारात पाहून नमस्कार केला होता, हे ती विसरू शकली नाही. जुनी प्रणाली कायमची बंद करायचा हुकूम तिच्याच सहीने निघाला. त्या रात्री ती मावशीकडे जेवायला आली आणि नीट जेवली नाही.

मावशी अधूनमधून भाऊंकडे जायची. घर लहान, स्वच्छ, दोन खोल्यांचं. भाऊ आता दिवसभर घरीच असत. बायको खिडकीपाशी खुर्चीत बसलेली, केस विंचरलेले, आणि भाऊ समोर. ती त्यांच्याकडे पाहून विचारायची, ते जेवले का? समोरचा माणूस कोण हे तिला ठाऊक नसायचं. भाऊ म्हणायचे, हो, जेवले. ती मान हलवायची. भाजी निवडून होईपर्यंत पुन्हा विचारायची.

एकदा मावशी निघाली तेव्हा भाऊ फाटकापर्यंत सोडायला आले. उन्हं उतरली होती. ते फाटकाची कडी धरून उभे राहिले.

"दुपारपर्यंत मी चांगलं उत्तर देतो, मावशी," ते म्हणाले. "संध्याकाळी नाही जमत. काल ओरडलो तिच्यावर."

आतून हाक आली. कडी सोडून ते आत गेले.